वन्संचं हिरवं वर्तुळ

वन्संबद्दल चांगलं लिही, असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतात आणि एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात औषधं मोजतात. गोळीच्या पाकिटावर लिहिलंय तेवढं औषध गोळीत खरंच आहे का, आणि ती गोळी गिळलेल्या माणसाच्या रक्तात त्यातलं किती उतरलंय, हे शोधायचं त्यांचं काम. मी शिवणकाम करते. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. त्यांच्या कामातलं मला जेवढं कळतं, तेवढं त्यांनीच भाजी निवडता निवडता समजावून सांगितलेलं आहे. समजावून सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, एवढं मात्र कबूल करते.

आमच्या ह्यांचं हृदय पहिल्यापासून लहरी. मध्येच ठोका चुकवायचं, मध्येच कारण नसताना पळत सुटायचं. त्यावर एक गोळी होती आणि तिच्यावर हे चांगले राहायचे. पण त्या गोळीची खोड अशी, की कमी पडली तरी हृदय उधळतं आणि जास्त झाली तरी उधळतं. वरून दोन्ही सारखंच दिसतं, छातीत धडधड आणि डोळ्यांपुढे अंधारी. कमी पडलंय की जास्त झालंय हे फक्त रक्त तपासून कळणार. म्हणून ह्यांचं रक्त नेमाने वन्संच्या तळघरात जायचं आणि त्यांच्या आकड्यावर डॉक्टर गोळी कमीजास्त करायचे. नवऱ्याचा जीव नणंदेच्या हातात, असं मी गमतीनं म्हणायचे. वन्सं म्हणायच्या, मग नणंदेला चहा जरा बरा करत जा.

त्यांच्या तळघरात पूर्वी एक मोठं यंत्र होतं. ते दिवसभर उग्र वासाची रसायनं प्यायचं आणि तेवढीच खालच्या कॅनमध्ये ओकायचं. कॅन भरले की मागच्या गेटातून एक गाडी ते घेऊन जायची. कुठे, हे विचारायचं नाही. वाफा ओढून घेणारा पंखा होता, पण तो वाफा ओढण्यापेक्षा आवाजच जास्त करायचा. वन्सं घरी आल्या की त्यांच्या केसांना तो वास असायचा, आणि आधी आंघोळ, मग बोलणं, असा त्यांचा शिरस्ता.

एके दिवशी सकाळी त्या ओट्यापाशी उभ्या राहून माझ्याशी बोलत होत्या आणि त्यांच्या कोपराशी दूध जळत होतं. मी बाहेरच्या खोलीतून वास आला म्हणून पळत आले. भांड्याचं बूड काळं झालेलं, खोलीभर धूर, आणि वन्सं आपल्या निवांत. मला आधी वाटलं चेष्टा करताहेत. मग मी त्यांच्या नाकाशी लसूण धरला, केरोसिनची बाटली धरली, काही नाही. त्यांचं नाक कधी गेलं ते त्यांनाही कळलं नव्हतं. त्या आधी हसल्या आणि मग ओट्यालाच टेकून रडल्या. मला त्यांची फार दया आली. ते खरं होतं, आणि आज कितीही कडू झाले तरी ते मी खोटं म्हणणार नाही.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच. त्या यंत्राशिवाय औषध मोजायचं, आणि मोजायचं ते पाण्यात. काही औषधांवर डोळ्यांना न दिसणारा किरण टाकला की ती निळसर चमकतात. पुस्तकात त्याला प्रतिदीप्ती म्हणतात, वन्सं नुसतं चमक म्हणतात. औषध जितकं जास्त तितकी चमक जास्त, आणि चमक मोजायला पाणी, थोडं स्पिरिट आणि चवीपुरतं आंबट पुरतं. चवीपुरतं हा शब्द त्यांचाच. ह्यांची गोळी चमकणाऱ्यांपैकी होती, म्हणून त्यांनी सुरुवात तिच्यापासूनच केली.

गोळीचं काम लवकर जमलं. रक्तानं मात्र नाकी नऊ आणले, कारण रक्तातला लाल भाग काढून टाकला तरी मागे राहणारं पिवळसर पाणी, प्लाझ्मा, स्वतःही थोडं चमकतं. औषधाची चमक कोणती आणि माणसाची कोणती, हे वेगळं करण्यात त्यांची वर्षं गेली. चमकेपायी त्यांनी आमच्या घरालाही कामाला लावलं. कपडे पांढरेशुभ्र करणारी पावडर त्या किरणाखाली चमकते म्हणे, आणि तिचा एखादा धागा नळीत पडला तर आकडा बिघडतो. म्हणून वन्संचा लॅबचा कोट साध्या साबणानं वेगळा धुवायचा, वेगळा वाळत घालायचा. तो कोट हळूहळू जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा पडला. लॅबमध्ये लोक त्यांना पाणीवाली म्हणायचे. त्यांचे साहेब तर त्यांना पाण्यातच बघायचे, आणि वन्सं आपल्या सगळं जग पाण्यात बघत बसलेल्या.

त्या पद्धतीतली एक पायरी इथे नीट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. वन्संनी ती मला एका दुपारी दोन वाट्या आणि पाणी घेऊन दाखवली होती. औषध जास्त तर चमक जास्त, हे खरं, पण एका हद्दीपर्यंतच. औषध फारच झालं की पुढचं औषध मागच्याचा उजेड अडवतं, आणि चमक वाढायच्याऐवजी उतरते. खोलीत चार माणसं बोलली तर ऐकू येतं, चाळीस एकदम बोलायला लागली तर एकाचंही कळत नाही, तसं. म्हणजे चमक मोजणारं त्यांचं छोटं यंत्र कमी आकडा दाखवतं आणि नळीत असतं भरमसाट. यावर वन्संचा उपाय साधा होता. एकदा आकडा वाचायचा, मग त्याच नमुन्यात तेवढंच पाणी घालून पुन्हा वाचायचा. निम्म्यावर आला तर पहिला आकडा खरा. पाणी घातल्यावर वर चढला, तर पहिला आकडा खोटा. चमकेवर काम करणारा माणूस हे झोपेतसुद्धा विसरत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

मग हिरव्याचे दिवस आले. जे साहेब वर्षानुवर्षं नाक मुरडत होते, त्यांना एकाएकी पर्यावरणाचा पुळका आला, कारण बाहेरच्या सभांमध्ये आता त्यालाच टाळ्या पडत होत्या. मोजण्याच्या पद्धतीलाही आता गुण मिळतात. एक वर्तुळ काढायचं, त्याच्या फाकी करायच्या. रसायन किती घातक, वीज किती लागते, कचरा किती होतो, पायऱ्या किती, अशी एकेक फाक. चांगली असेल तर हिरवी, बरी असेल तर पिवळी, वाईट असेल तर लाल. वन्संच्या पद्धतीचं वर्तुळ काढलं तर सगळं हिरवंगार आणि एकच फाक पिवळी. ती पिवळी होती दुसऱ्यांदा पाणी घालण्यामुळे. एक पायरी जास्त, आणि सांडपाणी जवळपास दुप्पट.

साहेबांना पूर्ण हिरवं वर्तुळ हवं होतं. ती पायरी काढा, त्यांनी सांगितलं. वन्संनी नाही म्हटलं. साहेब रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गोड आवाजात सांगितलं की पूर्ण हिरवं वर्तुळ मिळालं तर पद्धत ताबडतोब लागू करू, जुनं यंत्र बंद, कॅन बंद. पिवळी फाक असेल तर मात्र वरच्यांना समजवावं लागेल, आणि वरचे कधी समजतील ते सांगता येत नाही. वन्संच्या निवृत्तीला फार दिवस राहिले नव्हते, हे साहेबांना ठाऊक होतं.

वन्सं त्या आठवड्यात धड जेवल्या नाहीत. त्यांनी आजवरच्या सगळ्या पेशंटचे आकडे पुन्हा काढून पाहिले. एकाचंही औषध त्या हद्दीच्या जवळपाससुद्धा गेलं नव्हतं. जेवताना त्यांनी आम्हाला सांगितलं की ठरलं, पायरी काढतेय.

ह्यांनी विचारलं, "ताई, मग इतके दिवस ती ठेवली कशाला होतीस?"

"सवय," वन्सं म्हणाल्या.

एवढंच बोलणं झालं आणि विषय भाजीत मीठ कमी असण्यावर गेला.

त्यानंतरचे काही महिने वन्संच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. जुनं यंत्र बंद झालं. मागच्या गेटाशी कॅन दिसेनासे झाले. साहेब सभेला जाऊन आले आणि वर्तुळाचं मोठं चित्र फ्रेम करून तळघरात लावलं, खाली आधी स्वतःचं नाव, मग वन्संचं. वन्संनी त्याचा फोटो काढून घरी आणला. ह्यांनी तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला, दूधवाल्यालासुद्धा. लॅबमध्ये नवीन लागलेल्या पोरींची नाकं शाबूत राहतील, असं वन्सं एकदा म्हणाल्या, आणि मला त्यांचा अभिमान वाटला.

त्याच सुमारास ह्यांच्या मूत्रपिंडांनी कुरकुर सुरू केली. ते तेव्हा कुणालाच कळलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. त्या गोळीचं उरलंसुरलं शरीराबाहेर टाकण्याचं काम मूत्रपिंडांचं. ते काम मंदावलं आणि औषध आत साठत गेलं. हे दमायला लागले. जिना चढताना मध्ये थांबायचे. मग एक दिवस छातीत धडधड सुरू झाली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

रक्त तळघरात गेलं. वन्संनी ते दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही, स्वतः मोजलं. आकडा कमी आला. इतका कमी, की डॉक्टरांनी फोनवर विचारलं, पुन्हा करून बघता का. वन्संनी पुन्हा केलं. तेच रक्त, तशीच नळी, तेच यंत्र, आणि पाणी घालायची पायरी नाही. आकडा पुन्हा तोच आला. दोन्ही आकडे जुळले म्हटल्यावर कुणाच्याही मनात शंका उरली नाही. खोटं दोनदा तसंच्या तसं बोललं गेलं, की ते पक्कं होतं.

मग सगळ्यांचा राग वळला तो ह्यांच्याकडे. रक्तात औषध कमी म्हणजे गोळ्या चुकवल्या असणार, दुसरं काय. डॉक्टरांनी सौम्यपणे समज दिली. मी सौम्यपणे काही दिली नाही. हे शपथेवर सांगत होते की एकही गोळी चुकवलेली नाही. वन्सं म्हणाल्या, अरे, यंत्र खोटं कशाला बोलेल, त्याला काय तुझ्याशी वैर आहे. ह्यांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान खाली घातली. असेन विसरलो, म्हणाले. जे केलं नव्हतं ते त्यांनी आमच्यासाठी कबूल केलं.

डॉक्टरांनी गोळी वाढवली. वन्सं रोज सकाळी कामाला निघण्याआधी ह्यांच्या तळहातावर गोळी ठेवायच्या, पाण्याचा पेला पुढे करायच्या, आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. तोंड उघड बघू, म्हणायच्या. लहान भाऊच तो त्यांचा.

हे भाजीच्या गाडीपाशी पडले. टोमॅटो निवडत होते, हातातला एक टोपलीत परत ठेवला आणि खाली बसले, असं भाजीवाला सांगतो. हृदय थांबलं होतं. रस्त्यावरच्या कुणीतरी छाती दाबत ठेवली म्हणून ते पुन्हा सुरू झालं. तो माणूस कोण होता, मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण मधल्या वेळात मेंदूला जे मिळायला हवं होतं ते मिळालं नव्हतं.

मी हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर बाकावर बसले होते. वन्सं खाली तळघरात गेल्या होत्या. ह्यांच्या त्याच रक्ताचं थोडं फ्रीजरमध्ये शिल्लक होतं. दुपारी त्या वर आल्या, तो पिवळा कोट अंगावर तसाच. माझ्या शेजारी बसल्या नाहीत, समोर उभ्या राहिल्या.

"वहिनी, कमी नव्हतं. जास्त होतं."

मला काही कळेना.

"पाणी घातलं, आकडा वर गेला. आणखी घातलं, आणखी वर गेला. इतकं होतं त्याच्या अंगात, की यंत्राला दिसत नव्हतं. आणि मी त्यावर रोज आणखी दिलं."

मी विचारलं, "हे सांगत होते ना, एकही गोळी चुकवली नाही म्हणून?"

"हो," त्या म्हणाल्या. "सांगत होता."

त्यांनी काही लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहिते. डॉक्टरांना सांगितलं, साहेबांना सांगितलं, वरच्यांना सांगितलं. पण ऐकून घ्यायला कुणी तयार असेल तर ना. साहेबांचं म्हणणं असं की पद्धत तिच्या हद्दीत अचूकच आहे, हा नमुना हद्दीबाहेरचा होता, यात पद्धतीचा काय दोष. डॉक्टर मूत्रपिंडांवर बोलत राहिले. पाणी घालायची पायरी पुन्हा सुरू झाली, पण 'गरज वाटल्यास' म्हणून. गरज कुणाला आणि कशी वाटायची, हे कुणी सांगितलं नाही. वर्तुळ भिंतीवर हिरवंच राहिलं. फार बोललात तर जुनं यंत्र परत सुरू करावं लागेल, कॅनसकट, असं साहेबांनी वन्संना ऐकवलं. आजही त्या पद्धतीनं रक्त मोजलं जातं. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नमुन्यात वन्सं स्वतःच्या हातानं पाणी घालून पुन्हा वाचत होत्या. आता तिथे कोण काय करतं, मला ठाऊक नाही.

हे घरी आले. चालतात, हातानं जेवतात, मला ओळखतात, जुनं सगळं बोलतात. नवीन मात्र काही टिकत नाही. सकाळचं संध्याकाळी नाही. आपण भाजीच्या गाडीपाशी पडलो, हे त्यांना माहीत नाही. सांगितलं तर आश्चर्य वाटून घेतात आणि विसरतात. त्यांची आठवण जिथे थांबली तिथे ते वर्तुळ आहे. त्यामुळे घरात कुणी आलं, की हे सरसावून बसतात आणि सांगतात की आमच्या ताईनं शोध लावलाय, औषध पाण्यात मोजते, कुणाला त्रास नाही, झाडाझुडपांनाही नाही. पाहुणे वन्संकडे कौतुकानं बघतात. वन्सं उठून जात नाहीत. मान खाली घालून सगळं ऐकतात.

कधी हे बोलले नाहीत, तर मीच त्यांना आठवण करून देते. अहो, सांगा ना, वन्संनी काय केलं ते. मी असं का करते, हे वन्संना कळतं आणि मलाही कळतं. मी ते थांबवणार नाही.

दुपारी मी शिवायला बसले की वन्सं ह्यांच्यापाशी बसतात. ह्यांची नखं कापतात, दाढी करून देतात. एकदा काम आटोपून मी दाराशी आले, तर वन्सं ह्यांना सांगत होत्या. पहिल्यापासून सगळं, फाक, पायरी, दोन आकडे, रोजची गोळी. अगदी नीट, पायरीपायरीनं, जसं मला वाट्यांमधून सांगितलं होतं तसं. हे लक्ष देऊन ऐकत होते. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी वन्संच्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ दे गं ताई," म्हणाले. "मुद्दाम थोडंच केलंस?"

वन्सं हमसून रडल्या. इतकं मी त्यांना दूध जळलं त्या दिवशीही रडताना पाहिलं नव्हतं. संध्याकाळी शेजारी आले, आणि हे सरसावून बसले व ताईच्या शोधाचं सांगू लागले.

वन्संनी त्यांना पुन्हा सांगितलं, पुढच्या आठवड्यात, आणि त्यानंतरही. प्रत्येक वेळी हे पहिल्यांदाच ऐकतात. प्रत्येक वेळी माफ करतात. वन्सं प्रत्येक वेळी रडतात, पण आता थोडं कमी.

परवा त्या सांगून झाल्यावर माझ्या खोलीत आल्या. मी काज करत होते, मान वर केली नाही. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"वहिनी, तुम्ही मला माफ करा असं मी म्हणत नाही. पण त्यानं आत्ता केलं. त्याच्या ते लक्षात राहणार नाही. तुम्ही तरी लक्षात ठेवाल का?"

"मी इथे होते," मी म्हटलं. "मला काही ऐकू आलं नाही."

मी ह्यांच्या खोलीच्या दाराबाहेर उभी राहून सगळं ऐकलं होतं, आणि वन्संनी मला तिथे पाहिलं होतं.